हथखोजचे खुंटे

भिलाईहून आल्यापासून मला सगळे एकच विचारतात, पोलादाचा कारखाना पाहिलास का. नाही पाहिला. दुरून त्याच्या चिमण्या पाहिल्या, त्याच्यावरचं संध्याकाळचं आकाश पाहिलं, पण मी गेले होते ते समुद्राच्या कामाला. समुद्रापासून इतक्या आतल्या गावी समुद्राचं कसलं काम, म्हणून माझ्या आईनेसुद्धा कपाळाला हात लावला. तेव्हा आधी काम सांगते.

मी पुण्यात एका लहानशा कंपनीत आहे. कुठला माल कारखान्यातून कधी निघाला, बंदरात कधी पोचला, वाटेत पाऊस होता का, धक्क्यावर जहाज किती वेळ उभं राहिलं, अशा असंख्य नोंदी आमच्याकडे येतात. त्या संगणकाला खाऊ घालायच्या आणि त्याच्याकडून काढून घ्यायचं की पुढचं जहाज कधी लावावं, त्यात कुणाच्या मालासाठी जागा धरावी आणि कुणाच्या नाही. जहाज उगाच उभं राहिलं तर नुकसान, माल उगाच पडून राहिला तरी नुकसान. या कामाला डेटा अ‍ॅनालिटिक्स असं भारदस्त नाव आहे. घरी मी त्याला जहाजांचं पंचांग म्हणते.

तर विशाखापट्टणमहून बेटांकडे जाणारं एक मालवाहू जहाज आमच्या पंचांगात होतं. त्यातून जेटीवर रोवायचे लोखंडी खुंटे जात, जहाजांचे दोर बांधतात ते. हे खुंटे यायचे भिलाईला लागून असलेल्या हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतून, लांजेवार नावाच्या गृहस्थांच्या फौंड्रीतून. त्यांचे ट्रक कधी अगदी वेळेवर पोचत, तर कधी इतके उशिरा की जहाज निघून गेलेलं असे. आमच्याकडे दोनच वेळा होत्या, फौंड्रीच्या गेटातून निघाल्याची आणि बंदराच्या गेटात शिरल्याची. मधल्या रस्त्याचं काही कळत नव्हतं. मंगळवारी निघालेले ट्रकच रखडतात, एवढं मी शोधून काढलं होतं. बुधवारी वाटेत मोठा बाजार भरतो का, घाट बंद असतो का, नाना शंका काढून झाल्या. लांजेवारांना फोन केला की ते शांतपणे म्हणायचे, "ट्रक तर टायमावर निघाला जी."

संगणकाने निकाल देऊन टाकला होता की हा माल भरवशाचा नाही. जहाज कंपनीला बंदराजवळची एक फौंड्री स्वस्तात मिळतच होती. मी अहवालावर सही केली की हथखोजचं काम बंद. माझं पेन काही चालेना. मी साहेबांना म्हटलं, एकदा जाऊन बघते.

रविवार: रायपूर, चुकून

मला प्रवासात खिडकी मिळाली की मी कामातून जाते. गोंदिया गेल्यावर झाडी दाट झाली, धानाची कापलेली शेतं लागली, त्यांच्यावर हिवाळ्याचं पातळ ऊन पडलेलं होतं. डोंगरगडची टेकडी मागे गेली ती आठवते. त्यानंतर मी जागी होते की नव्हते कोण जाणे, पण दुर्ग आलं, भिलाई नगर आलं, मला उतरायचं होतं ते पॉवर हाउस स्टेशनही आलं, आणि मी आपली शेतं बघत बसले. जाग आली तेव्हा डबा रिकामा होत होता आणि बाहेर रायपूर होतं. लोकांचा माल वेळेवर पोचवण्याचा पगार घेणारी बाई स्वतःचंच स्टेशन चुकून पुढे गेली होती. लोकल पकडून परत आले.

लांजेवार काका स्टेशनबाहेर एवढा वेळ उभे होते. उंच, वाकलेले, गळ्यात मफलर. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, पोचल्या ना, मग झालं. माझ्यासाठी बघितलेल्या लॉजमध्ये लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं आणि माझी खोली नवऱ्या मुलाच्या मावश्यांनी घेतली होती. काकांनी विचारलंही नाही. माझी बॅग गाडीत टाकली आणि मला मरोद्याला आपल्या घरी घेऊन गेले.

काकांचे वडील भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून प्लांट उभा राहत असताना इथे आले. काकाही प्लांटमध्येच होते. रिटायर झाल्यावर त्यांनी फौंड्री काढली. घरात आता ते आणि सुशीलाकाकी दोघंच. मुलगा प्रमोद विशाखापट्टणमला बंदरात कामाला आहे, एवढंच काकींनी सांगितलं आणि माझ्या ताटात आणखी एक फरा वाढला. फरा म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट गोळे, वरून तिळाची फोडणी. आमच्या कोकणात तांदळाची उकड घेतली की ती गोड कशी होईल हेच बघतात. इथे ती टमाटर आणि हिरव्या मिरचीच्या चटणीशी खातात आणि डोळे पुसतात. मी दोन्ही केलं.

मरोद्याचा तलाव घरापासून जवळ आहे. संध्याकाळी काकींबरोबर तिथे गेले. पाणी एवढं रुंद की पलीकडचा काठ धुक्यात विरून गेला होता, आणि मला आमची खाडीच आठवली. आता भरती लागेल, होड्या हलायला लागतील, असं वाटत राहिलं. पाणी मात्र होतं तिथेच राहिलं. मग प्लांटच्या बाजूचं आकाश हळूहळू तांबडं झालं, विझलं, पुन्हा तांबडं झालं. काकी म्हणाल्या, तिकडे लोखंडाची तापलेली मळी ओतून राहिले. आकाश असं उघडमीट करतं याची त्यांना इतकी सवय की त्या बोलता बोलता मेथी निवडत होत्या.

सोमवार: हथखोज

फौंड्री म्हणजे पत्र्याचं एक मोठं छप्पर, आत काळी रेती आणि मधोमध भट्टी. रेतीत लाकडी नमुना दाबून साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, थंड झालं की रेती फोडून खुंटा बाहेर काढायचा. तो एखाद्या बुटक्या पहिलवानासारखा दिसतो, खाली रुंद, वर जाड टोपी. काम करणारे बहुतेक आसपासच्या गावांतले, आपसात छत्तीसगढी बोलणारे. ओतताना मात्र कुणीच बोलत नाही. लोखंड पाण्यासारखं वाहत होतं आणि त्याचा उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यांवर सारखाच पडत होता. मी किती वेळ तशी उभी होते मला माहीत नाही. कुणीतरी मला हाताला धरून मागे ओढलं, कारण माझ्या ओढणीचं टोक गरम साच्यावर गेलं होतं. ती ओढणी अजून आहे, एका कोपऱ्यात तपकिरी डाग मिरवते.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. हा खुंटा नेमका लावतात कुठे, दोर एकच असतो की दोन, जहाज ओढतं तेव्हा हा हलत नाही का. त्यांच्यापैकी कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. काकांनीही नाही. बैलाचा खुंटा असतो तसाच हा, फक्त बैल मोठा, अशी काकांची समजूत होती आणि ती काही चुकीची नव्हती. मी एका तयार खुंट्याला ओढणी गुंडाळून दाखवली, भरतीला जहाज वर कसं येतं, दोर कसा ढिला सोडावा लागतो. सगळे डबे खाली ठेवून बघत होते. लहानपणी खाडीवर बसून पाहिलेली गोष्ट कुणाला इतक्या कौतुकाने सांगावी लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

परतताना गाडीत काकांना खरं ते सांगून टाकलं. हे जहाज शुक्रवारी संध्याकाळी माल घेणं बंद करणार. याही वेळी खुंटे चुकले तर पुढचं सगळं काम दुसरीकडे जाईल, आणि तसं लिहून देणारी मीच असेन. काकांनी गाडी हळू केली. मग म्हणाले की ते काम गेलं तर भट्टी थंड करावी लागेल, दुसरं एवढं मोठं काम हातात नाही. गयावया नाही, राग नाही. मला तेच जड गेलं.

मंगळवार: ट्रक निघाला

दुपारी खुंटे ट्रकमध्ये चढले. काकांनी नारळ फोडला, ड्रायव्हर बलरामने चाकांखालचे लिंबू चिरडत ट्रक गेटाबाहेर काढला, वॉचमनने फोनवर वेळ टाकली. ती वेळ त्याच क्षणी माझ्या फोनवर उमटली. मी हिशेब केला, शुक्रवारी सकाळी बंदरात. साहेबांना कळवून टाकलं आणि मन हलकं करून जामुलच्या बसमध्ये बसले. तिथे पाहण्यासारखं सिमेंटचा कारखाना सोडून काही नाही असं सगळे सांगत होते, पण मला बस आवडली. खिडकीतली धूळ उन्हात सोनेरी दिसत होती आणि शेजारच्या बाईंच्या पिशवीतली कोंबडी माझ्याकडे अगदी ओळखीने बघत होती.

घरी आले तर माझी बॅग जागेवर नव्हती. काकींनी ती शेजारच्या मिश्रा भाभींकडे नेऊन ठेवली होती. उद्या माझी परतीची गाडी, आणि उद्या बुधवार. बुधवारी लेकीबाळींनाच काय, कुणालाच घरातून लांब पाठवत नाहीत.

"मंग आज तुमचं प्रस्थान ठेवलं," काकी म्हणाल्या. "बॅग घरातून निघाली म्हणजे तुमी आजच निघाल्या. उद्या बॅग तिकडूनच उचला आन जा."

मला हसू आलं आणि आईची आठवणही. आमच्याकडेही प्रस्थान ठेवतात. दिवस चांगला नसला की आदल्या दिवशी तांदूळ, सुपारी आणि एखादं कापड यांचं गाठोडं शेजाऱ्यांकडे ठेवायचं. प्रवास सुरू झाला, आता वाईट दिवस आडवा येत नाही. दहावीच्या परीक्षेला जाताना माझं गाठोडं आदल्या दिवशी शेजारच्या नानांच्या पडवीत गेलं होतं. मी काकींना हे सांगत होते, आणि सांगता सांगता थांबले.

"काका," मी विचारलं, "ट्रक आत्ता कुठे आहे?"

काका पेपर वाचत होते. "साहूजीच्या काट्यावर," म्हणाले, इतक्या सहज की जणू मी घड्याळ विचारलं होतं.

साहूंचा वजनकाटा फौंड्रीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे आहे. तिथे कायम ट्रक उभे असतात, त्यामुळे त्यातला एखादा कुणाचा हे कोण बघतो. मंगळवारी दुपारी गेटाबाहेर पडलेल्या ट्रकची बहुतेक वाट बुधवारीच पडणार, म्हणून तो रस्ता ओलांडून साहूंच्या अंगणात जात होता आणि गुरुवारपर्यंत तिथेच झोपत होता. काका खोटं कधीच बोलले नव्हते. त्यांच्या हिशेबाने ट्रक वेळेवर निघालेला होता. आमच्या संगणकाने मात्र भिलाई ते विशाखापट्टणम सगळा रस्ता पिंजून काढला, पाऊस तपासला, घाट तपासला. शेजाऱ्याचं अंगण तपासायचं त्याला कोण सांगणार होतं? मीसुद्धा नाही, नानांच्या पडवीतून प्रवासाला निघालेली मुलगी असून.

बुधवार: साहूजींचा काटा

सकाळी मी काकांना म्हटलं, मला तिथे न्या. काकीही आल्या, मला गाडीत बसवून द्यायला म्हणून. ट्रक कडुलिंबाखाली होता, बलराम बोनेटवर आरसा टेकवून दाढी करत होता. आम्हाला बघून साहूजींनी चहा सांगितला.

मी बोलायला घाबरत होते. कुणाच्या श्रद्धेत बोट घालायचा मला काय अधिकार. पण एक गोष्ट मला रात्रभर छळत होती, ती मी विचारलीच. काकी, माझी बॅग काल गेली ती मला आज जाता यावं म्हणून ना? प्रस्थान ठेवायचं ते वाईट दिवशी निघता यावं म्हणूनच. मग हा ट्रक काल निघालाय, तर आज का जात नाही? प्रस्थानही ठेवायचं आणि बुधवारही पाळायचा, असं तर आमच्याकडे कुणी करत नाही.

काकींनी काकांकडे पाहिलं. काका कपातल्या चहाकडे बघत होते. साहूजी उठून उगाच काट्याच्या खोलीत गेले.

"आमच्या इथंही कोणी नाही करत," काका शेवटी म्हणाले. "पहिले मीही नव्हतो करत. प्रमोद गेल्ता ना खुंट्यायसोबत, पहिल्या ट्रकमंदी. माल बराबर चढते का पाहाले. मंगळवारी प्रस्थान ठेवलं, बुधवारी गेला. खुंटे पोचले. तो वापस नाही आला."

तो वाटेतच दगावला असं मला वाटलं. तो विशाखापट्टणमला आहे असंच तर सांगितलं होतं. काकांना ते कळलं असावं. हातानेच नाही म्हणाले. तो धडधाकट आहे, समुद्र पाहिला आणि तिथलाच झाला एवढंच. बंदरात नोकरी धरली, लग्नही तिकडेच केलं, तेलुगू बोलतो. काकींशी दिवाळीला फोनवर बोलतो. काकांशी नाही, कारण काका त्याला परत ये म्हणून खूप बोलले होते, आणि मग बोलायचे थांबले होते. तेव्हापासून प्रस्थान ठेवूनही बुधवार त्यांना पुरेसा सुरक्षित वाटत नव्हता. बलराम हाही कुणाचा तरी मुलगा होता.

"मले भेव वाटते जी," काका म्हणाले. ते त्यांनी अगदी सरळ सांगितलं.

मी एवढंच म्हटलं की काका, उद्या निघाला तर ट्रक शनिवारी पोचेल आणि जहाज त्याच्याआधी गेलेलं असेल. निर्णय तुमचा. तुमच्या गेटाच्या वेळेत चूक कुठे होती ते मी अहवालात लिहीन, मला ते आता माहीत आहे. पण पुढच्या वेळी प्रस्थान ठेवायचं तर एकच खुंटा साहूजींकडे ठेवा, आमच्या आईच्या गाठोड्यासारखा. ट्रक खरा निघेल तेव्हा तो उचलायचा, आणि गेटाची वेळ तेव्हा टाकायची.

हे मात्र काकांना लगेच पटलं. जाणारा खुंटा आहे, मग प्रस्थान खुंट्याचंच, ट्रकचं कावून, असं ते स्वतःशीच म्हणाले. उरला तो आजचा दिवस. उन्हं वर आली होती. बलरामने दाढीचा साबण पुसला आणि वाट बघत उभा राहिला. काकांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. मग ते ट्रककडे चालत गेले, क्लीनरच्या बाजूचं दार उघडलं आणि वर चढून बसले. त्यांना चढायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

काकी धावत गेल्या. काकांबरोबर कपडे काय, गोळ्या काय, काहीच नव्हतं, आणि त्यांचं प्रस्थान तर ठेवलेलंच नव्हतं. काका खिडकीतून म्हणाले, "पोराले पाठवून भेत बसण्यापरीस म्या स्वताच जातो. पाहून येतो तो समुद्र, काय हाये त्याच्यात."

काकी दाराची कडी धरून उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. त्यांनी माझ्यासाठी बांधलेला लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा डबा काकांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "त्याले रागावू नका फक्त." ट्रक गेला, आणि मी पुण्यापर्यंत उपाशी आले. याची मला अजिबात तक्रार नाही.

त्यानंतर

खुंटे शुक्रवारी दुपारी बंदरात शिरले आणि जहाजात चढले. मी जुन्या नोंदींमधले मंगळवारचे ट्रक गुरुवारी निघाले असं धरून सगळं गणित पुन्हा मांडलं. आमच्या यादीतल्या कुठल्याही कारखान्यापेक्षा हथखोजचा रस्ता जास्त वक्तशीर निघाला. अहवालात मी जागा धरा असं लिहिलं. त्यात प्रस्थान हा शब्दही मी घातला, आणि साहेबांनी त्याचा अर्थ विचारायला मला खोलीत बोलावलं. ते सोलापूरचे. ऐकून हसले आणि बराच वेळ आपल्या आजोळच्या गोष्टी सांगत बसले. जहाज कंपनीने काम हथखोजकडेच ठेवलं.

काकींना मी रोज फोन करत होते. त्यांच्याकडे बातमी तेवढीच असायची, पोचले, प्रमोदकडे उतरले, त्याची बायको भात फार आंबट करते म्हणतात. ट्रक दुसरा माल घेऊन परत आला, काका आले नाहीत. ते पुढच्या आठवड्यात रेल्वेने येणार होते, प्रमोदनेच तिकीट काढून दिलं होतं. ज्या दिवशी ते निघणार त्या दिवशी त्यांचा मला फोन आला, मुलाच्या नंबरवरून. मागे समुद्र वाजत होता. मी विचारलं, काका, गाडीत बसलात का?

"नाही जी," काका म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "स्टेशनवर जाऊच नाही देऊन राहिला हा. मले म्हणते, बाबा, आज बुधवार हाये. आज नका जाऊ."